इंजिन उजवीकडेच राहील

मु. पो. कळंब, ता. कर्जत, जि. रायगड
(तारीख शेजारची सुरभी घालील, ज्या दिवशी फोटो काढून पाठवील त्या दिवसाची. पानं उलटसुलट आली तर कोपऱ्यातले आकडे बघ.)

चि. मनोज,

मी स्वतः केलेल्या टेबलावर, स्वतः पट्ट्या विणलेल्या खुर्चीत बसून, स्वतः तार गुंडाळून जिवंत केलेल्या पंख्याखाली तुला आशीर्वाद लिहितो आहे. याखेरीज या दोन हातांनी काय काय केलं ते तुला ठाऊक आहे, तरी एकदा नीट लिहून ठेवतो: घराचं फाटक, गावच्या पाण्याच्या टाकीची शिडी, शाळेची घसरगुंडी (पोरं म्हणतात त्यावरून फार सावकाश खाली येतो, सुरक्षित आहे म्हणूनच सावकाश येतो), भात झोडायचं यंत्र (एक हंगाम उत्तम चाललं) आणि जहाज. यातलं काहीही मला कुणी शिकवलेलं नाही. शिकवायला येणारे पुष्कळ होते, त्यांना मी चहा पाजून परत पाठवलं.

इकडे सगळे ठीक. मावशीचा गुडघा लेकाचा फोन आला की दुखायचा थांबतो आणि फोन ठेवला की परत सुरू होतो, तेव्हा काळजी गुडघ्याची नसून तुझी आहे हे उघड आहे. तुझी तब्येत कशी आहे? तिकडचं पाणी बाधत असेल तर उकळून पी (प्यायचं म्हणतोय, समुद्राचं नाही).

मावशीकडून कळलं की तुमचं क्रूझ जहाज विकलं गेलं, हा तिसरा मालक, नाव खरवडून नवीन घातलं, आणि लाँड्रीतल्या लोकांनी टॉवेलचे हत्ती करून पाहुण्यांच्या पलंगावर ठेवायचे नाहीत असा हुकूम निघाला. हत्ती हे तुझं खास काम. तू म्हणे चिडून परत यायच्या विचारात आहेस. फोनवर मी काही सांगायला लागलो की तुला माझा आवाज येत नाही, आणि मी थांबलो की लगेच येतो. म्हणून कागदावर लिहितो आहे. कागदाला रेंज लागत नाही.

मनोज, मालक बदलणं म्हणजे काय ते मला विचार. तुझं जहाज चौदा मजली, माझं सव्वा मजली (वरचा पाव मजला फोटो काढण्यापुरता). तुमच्या जहाजात पोहण्याचा तलाव आहे. माझं जहाजच पोहण्याच्या तलावाहून थोड्या मोठ्या तळ्यात आहे. वीटभट्टीसाठी माती काढून जो खड्डा झाला होता, त्यालाच रिसॉर्टवाल्यांनी लेक म्हटलं. पण काम तेच: माणसं चढवायची, गोल फिरवायची, खायला घालायचं, उतरवायची. साजगावच्या कारखान्यांतून आणलेले निळे ड्रम खाली, त्यावर लोखंडी पाइपांचा सांगाडा, त्यावर प्लाय, आणि मागे उजव्या बाजूला म्हाताऱ्या तीनचाकी टेंपोचं डिझेल इंजिन. इंजिन उजवीकडेच का, असं लोक विचारतात. त्याला कारण आहे. ते तांत्रिक आहे.

इंजिन उजवीकडे म्हणजे डावीकडे तेवढाच भार हवा. बैलगाडी भरताना मागे जास्त भरलं की गाडी उलाळ होऊन जू वर जातं, हे कळंबमध्ये लहान मुलालाही सांगावं लागत नाही. म्हणून पहिल्या दिवसापासून डाव्या बाजूला मागे सोनाबाई बसते. खालच्या आळीतली सोनाबाई, तू जिच्या चिंचा पाडायचास तीच. तिची चूल, पिठाचा डबा, पाण्याचा हंडा, पाटा-वरवंटा आणि ती स्वतः, सगळं मिळून बरोबर इंजिनाइतकं. मी धान्याच्या काट्यावर तोललं आहे (सोनाबाईला सोडून. तिचा आकडा तिने सांगितला तो मी धरला, आणि जहाज पाण्यात घातल्यावर त्यात दुरुस्ती केली). ती तिथे बसून तांदळाची भाकरी थापते, पाहुणे फोटो काढतात. त्यांना वाटतं भाकरी त्यांच्यासाठी आहे. भाकरी तोलासाठी आहे.

रिसॉर्टचा पहिला मालक लग्नाचं जेवण करणारा शेठ. त्याने नाव दिलं ‘लेक क्वीन’, रंग गुलाबी. दुसऱ्याने गुलाबीवर हिरवा मारून ‘ग्रामलक्ष्मी’ केली. तिसरा मनःशांतीवाला. ‘मौन’ असं नाव आणि पांढरा रंग, आणि इंजिनाचा आवाज शांततेत बसत नाही म्हणून आदिवासी वाडीवरचा नवशा काठावरून दोराने जहाज ओढायचा. (नवशा म्हणायचा, “दादा, म्हशीला पान्यात ढकलाया लागतं, हिला वढाया लागतं, एवढाच काय तो फरक.”) तिन्ही नावं मीच रंगवली. जुनं अक्षर नव्यातून दिसतं अशी तक्रार येते, पण ते अक्षराचं वजन आहे, रंगाचा दोष नाही. प्रत्येक मालकाने सोनाबाईला नवा टी-शर्ट दिला, पाठीवर ‘क्रू’ लिहिलेला. ती तो लुगड्यावरून चढवते आणि बाजारात जातानाही काढत नाही. त्या पगारावर तिची नात नम्रता खोपोलीला नर्सिंग शिकते आहे. यंदा शेवटचं वर्ष.

आता चौथा मालक. ही कंपनी आहे. कंपनीला चेहरा नसतो, म्हणून त्यांनी जितेश नावाचा मॅनेजर पाठवला. पोरगा वाईट नाही, मला काका म्हणतो, पण लॅपटॉपमध्ये बघून चालतो. जहाजावर विस्तव नको, तेव्हा सोनाबाईने काठावर बसावं, असं त्याने ठरवलं. मी म्हटलं, ती गेली तर जहाज राहणार नाही. त्याला ते भावनेने म्हटलेलं वाटलं. त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि “आय अंडरस्टँड, काका” म्हणाला.

उद्घाटनाला मुंबईहून कंपनीचे मोठे साहेब आले. नारळ फुटला, मी इंजिन चालू केलं, आणि काठापासून पाच वाव गेलो नाही तोच जहाज उजवीकडे असं काही कललं की कांदाभजीची ताटं एकामागून एक रांगेत साहेबांच्या पायाशी आली. साहेबांनी कठडा धरला. (कठडा मी केलेला. हलला नाही. हे कुणाच्या लक्षात आलं नाही.) कुणी म्हणालं सगळे डावीकडे या, सगळे आले, तर जहाज तिकडे कललं आणि ताटं परत गेली. काठावर सोनाबाई कमरेवर हात ठेवून उभी. ती सगळ्या रिसॉर्टला ऐकू जाईल अशी ओरडली, “मी बोलले व्हते का नाय? मला उतरवलीत, आता तुमी बी उतरा!”

जितेशचा चेहरा त्या मौनवाल्या रंगासारखा झाला. मग नवशाने पोरांच्या खेळायच्या बदकाच्या पायडल बोटीत सोनाबाईला बसवलं, मांडीवर पाटा, पाट्यावर पिठाचा डबा, आणि दोघं पायडल मारत आमच्याकडे निघाले. ते बदक मोठ्या ऐटीत आलं, मान वर करून. सोनाबाई डाव्या कोपऱ्यात चढली, फतकल मारून बसली, आणि जहाज काट्याच्या पारड्यासारखं सरळ झालं. साहेबांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं हा कार्यक्रमाचा भाग आहे.

चुलीचा तंटा मिटला. विस्तव गेला, सोनाबाई राहिली. ती आता पाट्यावर ठेचा वाटते, आणि चुलीच्या मातीचं जेवढं वजन गेलं तेवढा एक दगड मी बसायच्या फळीखाली घातला आहे. पण जितेश हुशार निघाला. दुसऱ्या दिवशी त्याने विचारलं, “काका, इंजिनच मधोमध घेतलं तर?”

मी दिवसभर इंजिनाला तेल घालत बसलो. संध्याकाळी सोनाबाई हंडा उपडा करत माझ्याकडे न बघता म्हणाली, “भाऊ, इंजान मधी गेलं का मी घरी गेले. तुमी काय ते बगा.” बास, एवढंच. मी जितेशला सांगितलं की इंजिन हलणार नाही, सांगाडाच त्या हिशोबाने जोडलेला आहे, ते तांत्रिक आहे. त्याने साजगावच्या कमलेशला वेल्डिंगसाठी विचारलं. कमलेशने मला फोन केला, “सुनीलदादा, तुमचं काम हाय, मी हात नाय लावत.” त्यामुळे सध्या इंजिन जिथे आहे तिथे आहे आणि सोनाबाई जिथे आहे तिथे आहे, आणि मी मजेत आहे.

म्हणून सांगतो, परत येऊ नकोस. मालक बदलला की आधी रंग बदलतो, मग नाव, मग टी-शर्ट, मग चहाचा कप लहान होतो. इंजिन कुणी बदलत नाही. आपण उठलो तर काय कलंडेल ते शोध आणि तिथे घट्ट बस. हत्तींचं म्हणशील तर एक-दोन गुपचूप करून ठेवत जा. पाहुणेच मागतील.

तुझा,
सुनीलदादा

ता. क. : एक किरकोळ काम आहे. जितेश म्हणाला, सगळ्या बोटींचं इंजिन मध्येच असतं. मी म्हटलं, माझा मावसभाऊ चौदा मजली जहाजावर आहे, त्यांचं उजवीकडे आहे. तो म्हणाला, त्यांच्याकडून व्हिडिओ मागवा. तर इस्तरीचा युनिफॉर्म घालून, मागे समुद्र दिसेल असा उभा राहून एवढंच बोल की आमच्या जहाजावरही उजवीकडे इंजिन आहे. खोटं बोल असं मी म्हणत नाही. एवढ्या मोठ्या जहाजात उजव्या बाजूला एखादं तरी इंजिन असणारच. तू लाँड्रीत आहेस हे सांगायची गरज नाही.

ता. क. २ : सोनाबाईने सुरभीकडून पत्र वाचून घेतलं. ती तुला लिहायला सांगते की इंजिन उजवीकडे बसवलं कारण त्या दिवशी वेल्डिंगची वायर तिथपर्यंतच पोचत होती. सोनाबाईची स्मरणशक्ती गरजेपेक्षा जरा जास्त चांगली आहे. चिंचांचंही तिला आठवतं.

ता. क. ३ : तुझ्या वहिनीला यातलं काही बोलू नकोस. इंजिन मधोमध बसवून द्यायचे कंपनीने मला रोख पैसे देऊ केले होते, वर सोनेरी पट्ट्यांची कप्तानाची टोपी. टोपी मी एकदा घालून पाहिली, डोक्याला बरोबर बसत होती. मग काढून टेबलावर ठेवली आणि नाही म्हटलं. साठ हजार.