तुरीचे पाच दाणे

४ जानेवारी, रविवार
आज पुन्हा तेच! नेत्रावतीची मान तासभर हलली न्हाई. गुलबर्ग्याच्या दवाखान्यातल्या या वर्गात आम्ही दोघी एकाच दिवशी आलो, येणं-जाणंही एकाच बसनं. इथं कुणाची मान आपोआप उडते, कुणाच्या घशातून नको असताना आवाज निघतो. उबळ आली की हनुवटी खाली दाबायची, हळू श्वास सोडायचा. सहा महिने मीही तेच करायलेय. शिकवणाऱ्या शरणम्मा मॅडम सगळ्यांसमोर म्हणाल्या, "नेत्रावतीकडं बघा!" बघितलं. अंगाचा तिळपापड झाला.

६ जानेवारी
ह्यांना सांगितलं — चूक केली! म्हणतात, "तिनं मनावर घेतलं. तू कामून घेईनास?" मनावर घेऊन थांबलं असतं तर भालकीच्या शाळेत शिकवताना पोरांनी मला 'डोलणाऱ्या बाई' म्हटलं असतं व्हय?

११ जानेवारी, रविवार
या आजारावर पुढं कशाचं संशोधन करावं, हे डॉक्टर आता पेशंटलाच विचारायलेत. चिठ्ठीवर प्रश्न लिहायचा, नाव न्हाई. मी लिहिलं — ज्यांना गुण येत न्हाई त्यांनी काय करायचं? नेत्रावती बराच वेळ लिहीत होती. हिला कसला आलाय प्रश्न!

१२ जानेवारी
स्वयंपाक करताना मान उडाली, आमटी सांडली. नेत्रावतीचं नाव घेऊन मी चिडले.

१८ जानेवारी, रविवार
टेबलावर प्रश्नांच्या चिठ्ठ्या, प्रत्येक चिठ्ठीपुढं वाटी. आमच्या हातात तुरीचे पाच-पाच दाणे — गुलबर्गा म्हणजे तुरीचं गाव, दुसरं काय देणार! महत्त्वाचा वाटेल त्या प्रश्नाला दाणे टाकायचे. "पूर्ण बरे झालेले किती?" — हा नेत्रावतीचाच, मी ओळखलं. एक दाणा दिला न्हाई! मग एक चिठ्ठी वाचली. "लोकांपुढं दिवसभर दाबून धरते. घरी दार लावून घेतलं की तासभर मान थांबत न्हाई. याचा हिशेब कोण ठेवतं?" डोळे भरून आले. असंल कुणी माझ्यासारखीच करंटी. स्वतःचा प्रश्न सोडून पाचही दाणे तिला टाकले.

२५ जानेवारी, रविवार
तोच प्रश्न पहिला आला. दुसऱ्यापेक्षा चारच दाणे जास्त! मॅडम म्हणाल्या, "कुणाचा आहे, सांगावं वाटलं तर सांगा."

नेत्रावती उठली. मान उडाली — एकदा, दोनदा, मग थांबेचना. माझ्याकडं बघून म्हणाली, "अक्का, सहा महिने तुमच्यावर जळायलेय मी. चारचौघांत असं उडू द्यायला मला कधी जमंल?"

परत येताना बसमध्ये तिला माझ्याशेजारी बसवून घेतलं.