वेगळं व्हर्जन कोणाचं होतं

प्रिय केयूर,

ग्रुप सोडलास, फोन उचलत नाहीस, म्हणून कागदावर लिहून राहिली. तुझ्या गावी, कुहीला, टपाल कधी पोचेल, देव जाणे.

इंदुताई बऱ्या आहेत. त्यांना दिसत नाही, पण आपलं ॲप त्यांना रोज सकाळी पेपर वाचून दाखवतं. दिवाळीनंतर तू लिहिलेला कोड घेऊन मी नवं अपडेट बांधून पाठवलं आणि ते ॲप मुकं झालं, ते तुले आठवत असेल. मले विसरायचं आहे, पण विसरता येत नाही. इथे प्रताप नगरात घरी बसून माझं डोकं असं तापलं, की आपल्या पंचवीस जणांच्या ग्रुपवर लिहून टाकलं: केयूरच्या खटारा लॅपटॉपवर बिल्ड टूलचं जुनं व्हर्जन आहे, त्यानंच घोळ केला. प्रकल्पात बदल करायचे तुझे हक्कही काढून घेतले. तू फक्त 'बरं' लिहिलंस. भांडला काहून नाहीस गा? भांडला असतास तर मी तपासून तरी पाहिलं असतं.

नंतर मी नियम काढला. कोडचं ॲप बांधणारं हे टूल सगळ्यांकडे एकाच व्हर्जनचं पाहिजे. आपण हौसेनं, फुकटात काम करणारे लोक. कोणाकडे काय आहे, कोणी कधी विचारलंच नव्हतं. प्रत्येकाकडून व्हर्जनचा आकडा मागवला, तुझा जुन्या नोंदीतून घेतला. चोवीस जणांचं व्हर्जन एकच निघालं, तुझं होतं तेच. वेगळं एकाचंच होतं. ऑफिसच्या कामासाठी मी माझं टूल नवं करून घेतलं होतं आणि विसरली होती.

मी गुपचूप माझ्या लॅपटॉपवर तुझंच व्हर्जन टाकून घेतलं, अपडेट पुन्हा बांधलं आणि इंदुताईंचं ॲप बोलायला लागलं. ग्रुपवर सगळ्यांनी माझं कौतुक केलं. मी ते ऐकून घेतलं. त्याला आज अठरा दिवस झाले. लाज वाटते, केयूर. परवा इंदुताईंनी तुझी चौकशी केली, तेव्हा तू शेतीच्या कामात आहेस असं खोटं सांगितलं.

येत्या महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी अकरा वाजता ग्रुपवर सगळं खरं लिहिणार आहे. तुझे हक्क आजच परत केले. तुझं नाव मी तुझ्या तोंडासमोर खराब केलं होतं, मग माफी तुझ्या पाठीमागे कशी मागू? परत काम करू नकोस, माझ्याशी बोलू नकोस. त्या दिवशी फक्त ग्रुपमध्ये ये.

तुझी चुकलेली मैत्रीण,
अश्लेषा