मावशीचं बोलणं व्हायचंय

लव्हाळ्याचं तळं, मिनेसोटा
१२ जून

चि. रेनी हिला मार्लिस मावशीचे आशीर्वाद आणि सोबत एक धपाटा.

काल तुमच्या सरकारी पाणी कार्यालयाची पडद्यावरची बैठक झाली. तासाभरात आपल्यासारख्या सगळ्या आदिवासी जमाती उरकल्यात. नदीला उघड न जोडलेल्या दलदली पाणथळ जागा राखण्याच्या नव्या नियमातून वगळल्या तर आमचं काही म्हणणं आहे का, असं तुझ्या क्रॉली साहेबांनी विचारलं. कुणी विचारलं की आधी थोडं थांबायचं, मग बोलायचं, ही आपल्या जमातीची रीत तुला सांगायला नको. मी तोंड उघडणार तोच त्यांनी आभार मानले नि पडदा काळा. आज कळलं, टिपणात आमची हरकत नाही असं लिहिलंय. घ्या!

वरची दलदल वगळली की तिचा मालक दुसऱ्याच दिवशी भराव घालील. तिचंच पाणी झिरपून आपल्या तळ्यात येतं. ते थांबलं की तळ्यात आपसूक उगवणारा आपला रानभात संपला, मग नातवंडांना काय दुकानातला तांदूळ दाखवू? साहेबांना घेऊन ये. आधी जेवायला घालीन, मग बोलेन.

चिडलेली, तरी तुझीच,
मार्लिस मावशी

शिकागो
१८ जून

ती. मावशीस रेनीचा सा. न. वि. वि.

धपाटा पोचला. साहेब वाईट नाहीत गं, त्यांना शांतता सोसत नाही एवढंच. लिफ्टमध्येसुद्धा हवापाण्यावर बोलत राहतात. मावशीचं बोलणं व्हायचंच होतं, असं सांगितल्यावर आधी हसले, मग कानकोंडे झाले. गुरुवारी आम्ही दोघं येतोय. परतीचं विमान चारचं आहे, तेव्हा जरा भरभर बोल. आणि जेवणाचा आग्रह करू नकोस, त्यांचं पोट नाजूक आहे.

माया आहेच, रागही चालेल.
रेनी

लव्हाळ्याचं तळं
३० जून

चि. रेनीस अनेक आशीर्वाद.

साहेबांनी तीनदा भात मागून घेतला, तेव्हा नाजूक पोटाचं मला सांगू नकोस. दलदलीपाशी त्यांनी तोच प्रश्न पुन्हा विचारला आणि मी थांबले. ते मध्येच बोलायला गेले तेव्हा तू त्यांच्या बुटावर पाय दिलास, पाहिलं मी. मग बिचारे डास चावत असतानाही गप्प उभे राहिले. मी सगळं बोलले. विमान चुकलं तर चुकलं.

काल त्यांचा फोन आला. ते ‘हरकत नाही’ खोडलंय. सगळ्या जमातींच्या गावी जाऊन पुन्हा बैठका होणार आणि तोवर जुनाच नियम, म्हणजे भराव नाही. पुढचं आपल्या हातात नाही, असंही ते म्हणाले. खरं बोलला माणूस, म्हणून आवडला.

आता तुझ्याशी बोलायचंय. तळ्यातला भात काढायला नावेत दोघी लागतात, एक नाव ढकलायला, एक झोडायला; तुझी आई गेल्यापासून माझ्या नावेत पुढे कुणी बसलेलं नाही. दोन हंगाम गेले. तू विचारलं नाहीस, मी बोलले नाही, आणि मावशीचं काही म्हणणं नाही असं तू धरून चाललीस. म्हणणं होतं गं. सप्टेंबरात भात झोडायला ये.

वाट पाहणारी,
मार्लिस मावशी