बाजीरावमामांविरुद्धचा कायदा शोधताना

निरवांगी, ता. इंदापूर
गुरुवार, २० नोव्हेंबर

आदरणीय बाजीरावमामा यांस, भाची ज्योत्स्नाचा सविनय जयभीम.

आम्ही इकडे ठीक आहोत. तुम्ही खुशाल आहात हे आईला रोज सकाळी तुमच्या खोकल्यावरून कळतं, कारण आपल्या दोन घरांमध्ये एक कडुलिंब आणि एक भिंत एवढंच अंतर. तरी हे पत्र पोस्टाने धाडते आहे, कारण बोलणं तुम्ही बंद केलंय, व्हॉट्सअपवर मला ब्लॉक केलंय आणि घरामागची शेताची वाटही तशीच. खोकल्याला ज्येष्ठमध चघळावा. तुमचे गुडघे बरे असतील अशी आशा आहे. आईचा डावा गुडघा बरा नाही, आणि हे सगळं लिहिणं त्या गुडघ्यासाठीच चाललंय.

झाल्या गोष्टीत चूक माझी, हे आधीच कबूल करते. माझ्या पिंकीच्या लग्नपत्रिकेची यादी मीच छापखान्यात दिली. तीत नवरदेवाकडचे सगळे आले, पुण्याचे साहेब आले, मंडपवालासुद्धा आला (त्याने सूट दिली होती), आणि आईचा सख्खा भाऊ ‘समस्त आप्तेष्ट’ या दोन शब्दांत गेला. लग्नानंतर आठव्या दिवशी तुम्ही वाटेवर बाभळीच्या फांद्या टाकल्यात आणि आईला म्हणालात, “आमी समस्तमधी हाय न्हवं? मग तुमीबी समस्तांच्या रस्त्यानं जावा.” समस्तांचा रस्ता ओढ्यातून जातो, मामा. एकाहत्तर वर्षांची तुमची बहीण अख्खा पावसाळा डोक्यावर गवताचा भारा घेऊन ओढ्यातून गेली आणि दोनदा पडली. मला तुमचा भयंकर राग आला, आणि तो अजून गेलेला नाही.

म्हणून मी बारामतीला आमच्या कॉलेजच्या लायब्ररीत तुमच्याविरुद्धचा कायदा शोधायला बसले. (बावीस वर्षं टपालाची शाखा सांभाळून यंदा मी वकिलीच्या पहिल्या वर्षाला बसले, यावर तुम्ही ‘म्हातारपणी याड लागलं’ म्हणालात ते पोचलं. गावात तोंडी निरोप टपालापेक्षा जलद जातो.) तिथे राजनंदिनी मॅडम म्हणून ग्रंथपाल आहेत. वयाने आपल्या पिंकीएवढ्या, पण चष्म्यावरून बघितलं की माणूस आपोआप हळू बोलतो. पहिल्या दिवशी मी त्यांना सांगितलं, मामाने वाट अडवलीय त्याचं पुस्तक द्या. त्यांनी एका भिंतीकडे बोट दाखवलं. ती भिंत कोर्टांच्या निकालांचीच होती, जमिनीपासून पंख्यापर्यंत लाल-काळ्या बांधणीची. आता तुम्ही मला ओळखता. वाचणाऱ्यांनी शंभरेक पुस्तकं टेबलांवर तशीच सोडलेली, आणि पसरलेला माल बघून माझा हात स्वस्थ बसत नाही. मॅडम जेवायला गेल्या तेवढ्यात मी सगळी पुस्तकं लावून टाकली, आणि लावली ती टपालाच्या शिस्तीने: मुंबई एका कप्प्यात, मद्रास एका, अलाहाबाद एका, दिल्ली वर. कपाटात आधीपासून होती तीही काढून गावाप्रमाणे लावली. काम इतकं सुबक झालं होतं की शिक्का मारायचाच बाकी होता. मॅडम आल्या आणि खुर्चीत बसल्या. ती पुस्तकं वर्षाप्रमाणे लावायची असतात आणि टेबलावरची कपाटात ठेवू नयेत अशी पाटी होती, ती मी पुस्तकांच्या ढिगाखाली झाकली होती. ते निस्तरायला आम्हा दोघींना तीन दिवस लागले. पण तीन दिवस पुस्तकं उचलून कुठलं काय आहे ते मला पाठ झालं, त्यामुळे मी त्याला शिक्षा मानत नाही.

मग त्यांनी मला संगणकावर बसवलं. त्यात देशभरचे निकाल आहेत, नेमके शब्द टाकले की नेमका निकाल येतो. मी इंग्रजीत टाकलं: मामाने रागावून वाट अडवली. एकही निकाल नाही! एवढ्या मोठ्या देशात एकाही मामाने असं केलं नाही म्हणून मला तुमचा थोडा अभिमानच वाटला. मॅडम म्हणाल्या, “काकू, कोर्टाला मामा नसतो. प्रतिवादी असतो. राग पण नसतो, अडथळा असतो.” तसं टाकलं तर हजारोंनी आले. तेव्हापासून भिंतीपलीकडे खोकला ऐकू आला की मनात येतं, प्रतिवादी उठले. (बरं वाटत नाही तसं म्हणताना.)

त्या हजारांत मला एक निकाल सापडला, मामा, काय सांगू! वाट जुनी, बाई म्हातारी, ओढा भरलेला. अकरा पानं नुसती आपल्यासारखी, म्हणजे आमच्यासारखी. मी झेरॉक्स काढली, अर्धा किलो पेढे घेतले, एसटीत शेजारच्या बाईला दोन दिले आणि घरी येऊन आईला अकरा पानं मराठीत वाचून दाखवली. आईने डोळ्याला पदर लावला. बारावं पान मी जेवल्यावर वाचलं. त्यावर लिहिलं होतं, अपील फेटाळण्यात येत आहे. पहिली अकरा पानं हरलेल्या बाईच्या वकिलाचं म्हणणं होतं. कोर्टाला काय वाटतं ते फक्त शेवटच्या पानावर. मॅडमना सांगितलं तर त्या एवढंच म्हणाल्या, की निकाल शेवटाकडून वाचावा. आई म्हणाली, “पेढं तर ग्वाड हाईत न्हवं? बास झालं. आन् कोर्टात जा न्हायतर कुठंबी जा, पर माझ्या भावाला उलटं बोलू नगंस.”

त्यानंतर मी सगळं शेवटाकडून वाचत गेले, आणि खरा कायदा सापडला. तो साधा आहे. वहिवाटीची वाट अडवली तर तहसीलदारांकडे दाद मागता येते, पण अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत. सहा महिने येत्या बुधवारी भरतात. अर्ज तयार आहे, नकाशाही मीच काढलाय. (त्यात तुमच्या घराजवळचा तो वळणाचा दगड दाखवलाय, जिथे दहावीच्या वर्षी तुमची सायकल रोज अडखळायची आणि मागे कॅरिअरवर बसून मी पुस्तक सांभाळायची. एसटी चुकू नये म्हणून तुम्ही कामाच्या पाळीला उशीर करायचात.) सोमवारी मी इंदापूरला अर्ज देणार आहे.

मामींना जयभीम सांगावा. कमी-जास्त लिहिलं असेल तर पोटात घालावं.

तुमची भाची (आणि अर्जदाराची मुलगी),
ज्योत्स्ना

ता. क. वाट रविवारपर्यंत मोकळी झाली तर सोमवारी इंदापूरला जायचं कारणच उरणार नाही, आणि माझे तीन महिने पाण्यात जातील. ते मी आनंदाने सोसेन. उत्तर पोस्टाने पाठवू नये. फांद्या ओढल्याचा आवाज भिंतीपलीकडे येतो, आणि आई म्हणाली आहे की तो आला की ती चहा ठेवणार, तुमच्या कपात साखर कमी.

पुन्हा ता. क. मुख्य विनंती राहिली. वाट पूर्वीपासूनची आहे हे शपथेवर सांगणारं जुनं माणूस लागतं. मी गावभर विचार केला. कारखान्याच्या वजनकाट्यावर तीस वर्षं बसून एका किलोचाही खोटा शब्द न काढलेलं माणूस एकच आहे. मॅडम म्हणाल्या, “काकू, प्रतिवादीलाच आपला साक्षीदार करणार?” मी म्हटलं, हो. तेव्हा अर्ज द्यायची वेळ आलीच तर यावं. डबा मी आणीन. सोबत साक्षीदारांची यादी जोडली आहे. छापण्याआधी या वेळी तीनदा तपासली. पहिलं नाव तुमचं आहे, पूर्ण, ठळक अक्षरांत, एका ओळीत एकटं. त्याखाली कुणीही नाही, समस्तसुद्धा नाही.