पिकअपवाल्याचा फोन

अण्णा,

गेल्या आठवड्यात माझ्या गाडीला मागून एका पिकअपने ठोकलं. मला काही झालं नाही आणि चूक माझी नव्हती. दोन्ही गोष्टी आधीच सांगून टाकते, कारण तुम्ही असता तर पहिली तेवढी विचारली असती, दुसरी विचारलीच नसती, आणि मला नेमकी दुसरीच सांगायची घाई असते. लहानपणापासून तशीच आहे मी. तुम्ही मला गाडी चालवताना कधी पाहिलं नाहीत. पारनेरच्या शाळेतून निवृत्त व्हायला थोडी वर्षं राहिली असताना मी शिकले. तुमचे जावई शेजारी बसून पायांनी हवेतच ब्रेक दाबायचे. आता ती सीट रिकामी असते. तिच्यावर पर्स ठेवते, भाजी ठेवते, आणि वळणावर पर्स घसरली की आपोआप डावा हात आडवा घालते, माणूस असल्यासारखा.

तर झालं असं. कोल्हारला मावशीच्या मुलीकडे गेले होते. परत येताना नगर-मनमाड रोडवर पुढे उसाची ट्रॉली अडकली म्हणून मी थांबले. तुम्हाला त्या रस्त्याचं नवं काही सांगायला नको. तुमच्या वेळी जसा दुरुस्त होत होता तसा अजून होतोच आहे. नगरच्या पाट्यांवर आता अहिल्यानगर लिहिलंय, बोलण्यात मात्र नगरच आहे. मी थांबले, आरशात पाहिलं, तर मागून पेरूचे क्रेट भरलेली पिकअप येत होती आणि थांबत नव्हती. मोठा आवाज झाला. डिकी आत गेली, मागचा दिवा फुटला, बंपर एका बाजूने लोंबायला लागला, आणि माझी मान एकदम मागे जाऊन पुढे आली. खाली उतरले तेव्हा तोंड मात्र शाबूत होतं. मास्तरकी अशा वेळी कामाला येते. मी पिकअपवाल्याला भर रस्त्यात पाढे न येणाऱ्या मुलासारखं उभं केलं.

तिशीतला माणूस. त्याने एकदाही वाद घातला नाही. "काकू, चुकी माझीच हाय. मागं क्रेट घसरल्यालं वाटलं म्हून वळून बघितलं. तुमाला लागलं का कुठं? मान धरू नका, बसा आधी." ट्रॉलीवाला उतरला, समोरच्या हॉटेलातून चहा आला, आणि आपल्याकडे होतं तसं दहा जणांचं पंचमंडळ जमलं. सगळ्यांचं एकच म्हणणं, इथल्या इथं मिटवून घ्या. त्याने पेरूच्या क्रेटची सुतळी सोडून माझी डिकी बांधून दिली, गाठ दोनदा ओढून बघितली. मग मला बाजूला घेऊन हळूच म्हणाला, "काकू, गाडी मेव्हन्याची हाय. त्याला कळलं तर तो गाडी काढून घेईल, मग माझं समदं बसलं. नागापूरला माझा चुलतभाऊ डेंटिंगचं काम करतो, तो करून दील. नायतर तुमी इन्शुरन्सला टाका. तुमी म्हनाल तसं. पर जे काय करायचं ते मला आधी सांगा." मी त्याचा नंबर घेतला, लायसनचा फोटो काढला आणि सांगते म्हणाले.

विम्याचं हे प्रकरण तुमच्या काळात नव्हतं, म्हणजे होतं, पण आपल्या सायकलींना नव्हतं. एजंटने मला फोनवर समजावून सांगितलं. चूक समोरच्याची असली तरी क्लेम आपल्याच पॉलिसीवर घ्यायचा, मग क्लेम न घेतल्याचा इतक्या वर्षांचा बोनस जातो. त्यात समोरच्या गाडीचा नंबर लिहावा लागतो, चौकशी मूळ मालकापर्यंत जाऊ शकते. समोरच्याकडून वसूल करायचं तर पोलिसात तक्रार. नाहीतर त्याच्याकडून गाडी नीट करून घ्या आणि विसरून जा. "फक्त लवकर ठरवा मॅडम," तो म्हणाला, "उशीर झाला की कंपनी शंका काढते." बंगळुरूच्या लेकीने तर मी बोलत असतानाच मोबाईलवर लिंक पाठवली. "आई, सरळ क्लेम कर, दहा मिनिटांचं काम आहे." लेक गुणाची आहे अण्णा, काळजी करते, पण तिची काळजी फार वेगाने येते आणि तितक्याच वेगाने जाते. मान दुखतेय हे मी तिला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर डॉक्टरची लिंक आली असती.

त्याच संध्याकाळी पिकअपवाल्याचा फोन आला. "काकू, पोचला का नीट? मान कशी हाय? शेक घ्या बरं, मिठाच्या पुरचुंडीचा." मी म्हणाले, घेते. "मग काय ठरलं?" मी म्हणाले, बघते अजून, उद्या सांगते. दुसऱ्या दिवशी त्याच सुमाराला पुन्हा. "जेवला का? मान?" मी सांगितलं, डावीकडे वळत नाही. तो म्हणाला, त्याच्या आईची अशीच धरली होती, लसूण घालून तेल गरम करून लावा. मी लावलं. तिसऱ्या दिवशी त्याला सांगितलं की तेलाने उतार पडला, तर तो एवढा खूश झाला की मलाच हसू आलं. मग पेरूला भाव काय मिळाला, कोल्हारकडे पाऊस झाला का, त्याची थोरली कितवीत आहे, असं बोलणं वाढत गेलं. थोरलीचं गणित कच्चं आहे म्हणाला. मी म्हणाले, आणा माझ्याकडे, महिनाभरात पक्कं करते. आणि शेवटी रोज तोच प्रश्न, "मग काकू, काय ठरलं?" आणि रोज माझं तेच उत्तर, "बघते, उद्या सांगते."

अण्णा, मला काय करायचं ते दुसऱ्याच दिवशी ठरलं होतं. बोनस घालवून, फॉर्म भरून, त्या मेव्हण्यापर्यंत गोष्ट नेण्याएवढं माझ्या गाडीचं काही झालेलं नाही. इथे कोपऱ्यावर माझा नेहमीचा गॅरेजवाला आहे, तो दोन दिवसांत ठाकठीक करून देईल. हे मला माहीत होतं. पण ते सांगितलं असतं तर फोन संपला असता. दिवसभर या फ्लॅटमध्ये मला विचारणारं कोणी नसतं. दूधवाला पिशवी दाराला अडकवून जातो, खालच्या मजल्यावरच्या बाई जिन्यात "बऱ्या ना?" म्हणतात आणि उत्तर यायच्या आत वळणावर दिसेनाशा होतात. दुपारी झोपून उठलं की संध्याकाळपर्यंतचा वेळ मोठा होत जातो. त्या आठवड्यात मात्र मी पाचलाच चहा उरकून घ्यायचे, केस विंचरायचे, आणि काय सांगायचं त्याची मनात जुळवाजुळव करायचे. फोनसाठी केस कशाला विंचरायचे ते विचारू नका. मी एकटी आहे आणि मला कोणीतरी जेवलात का विचारावं असं वाटतं. या वयात हे लिहायला लाज वाटते, पण तुम्हाला नाही तर कोणाला लिहू?

काल फोन त्याच्या बायकोने केला. मी नेहमीच्या उत्साहाने "बोला" म्हणाले, तर पलीकडून बाईचा आवाज. "काकू, मी त्यांची मंडळी बोलतीय. ते जनावरांकडं गेलेत, त्यांना म्हाईत न्हाई मी फोन लावलाय ते." मला वाटलं, मानेचं विचारायला केला असेल. ती म्हणाली, "तुमाला राग येऊ देऊ नका. पर काय करायचं ते एकदाचं सांगून टाका हो. सांजचा फोन लावायचा म्हनलं की ते दुपारपास्नं गप असत्यात. जेवन जात न्हाई. पोरं काय बोलली तर खेकसत्यात. फोन लावायच्या आधी भाईर जाऊन उभं राहत्यात, मग हसून बोलत्यात तुमच्याशी. तुमी 'उद्या' म्हनलं की परत रात्रभर डोळा न्हाई." ती रडत नव्हती. रडली असती तर मला काहीतरी बोलता आलं असतं.

मी दुपारपासून ज्याची वाट बघत होते, त्याला तो दुपारपासून घाबरत होता. पेरूचा भाव सांगताना, लसणाचं तेल सांगताना, थोरलीचं गणित सांगताना तो माझ्यासमोर हात जोडून उभा होता आणि मी त्याला बसा म्हणत होते. ते कळलं तेव्हा मला तुम्ही आठवलात. साखर कारखान्यातले तुम्ही, वजनकाट्यावरचे. हंगामात गाड्यांची रांग कॉलनीपर्यंत आलेली, बैल जू खाली ठेवून रवंथ करतायत, पूर्वेकडून आलेली तोडणीवाली माणसं चाकाला टेकून पेंगतायत, आणि मी डबा घेऊन काट्याच्या खिडकीशी उभी. तुम्ही एका हाताने वजन लिहिताय आणि दुसऱ्या हातात भाकरी गुंडाळलेली. "अण्णा, बसून खा की, दोन मिनिटं थांबतील ते." तुम्ही माझ्याकडे बघतही नाही. "तो रातीपासनं उभा हाय. माझी भाकर थांबती." आईला याचा भारी राग यायचा. "जगाच्या गाड्या मोकळ्या करून झाल्या की घरची पण एखादी करा," असं ती ताट आपटत म्हणायची, आणि तुम्ही मिशीत हसायचात.

आणि ती सायकल. आठवीत पहिली आल्यावर तुम्ही कारखान्यातल्या कोणाकडून तरी जुनी लेडीज सायकल घेऊन दिलीत, निळ्या रंगाची, घंटी नसलेली. पहिल्याच आठवड्यात कॉलनीच्या फाटकात दूधवाला उलट्या बाजूने आला आणि माझ्यावर आदळला. माझा गुडघा फुटला, त्याची अख्खी किटली सांडली. मी रडत घरी आले आणि तुम्ही कामावरून येईपर्यंत आपली बाजू घोकून ठेवली. तुम्ही आलात. मी सुरुवात केली, की अण्णा, चूक त्याची होती, मी बरोबर बाजूनेच चालले होते. तुम्ही चपलाही काढल्या नव्हत्या. म्हणालात, "असंल त्याची. पर तो दारात उभा हाय कवाचा, ते बघितलं का तू?" मी पाहिलं नव्हतं. तो दुपारपासून कंपाउंडच्या बाहेर उभा होता, रिकामी किटली हातात घेऊन. साहेब लोकांच्या कॉलनीत आपलं दूध बंद होईल या भीतीने त्याला घरी जाववत नव्हतं. "तुझं ऐकतो मी, समदं ऐकतो," तुम्ही म्हणालात, "आधी त्याला मोकळं करू." आणि तसेच परत बाहेर गेलात. नंतर माझं सगळं ऐकलंत, गुडघ्याला हळद लावताना. पण नंतर. मला तेव्हा तुमचा राग आला होता. माझे वडील आणि आधी दूधवाल्याकडे गेले.

काल मी फोनवर त्या बाईला म्हणाले, "त्यांना सांगा, मी विम्याचं काही करत नाही. पोलिसात जात नाही. गाडी इथेच माझ्या गॅरेजवाल्याकडून करून घेते. तुमचं काही देणं नाही, मेव्हण्याला काही कळणार नाही. आणि आता फोन करायची गरज नाही म्हणावं." नागापूरच्या चुलतभावाचं नाव जिभेवर आलं होतं, खोटं कशाला बोलू. तिथे गाडी दिली असती तर निदान चार-दोन फोन झाले असते, आज डिकी ठोकली, उद्या रंग मारला. ते नाव मी गिळलं. थोरलीच्या गणिताचंही काही बोलले नाही. सहा दिवस उशिरा का होईना, मोकळं केलं.

तिचा श्वास मला इथपर्यंत ऐकू आला. "लई उपकार झाले काकू," ती म्हणाली, आणि लगेच फोनपासून तोंड लांब करून नवऱ्याला हाक मारली, "अवो, ऐकलं का!" त्या घाईत फोन बंद झाला. तिचं काही चुकलं नाही. इतक्या दिवसांचा छातीवरचा दगड उतरला, तो आधी नवऱ्याला दाखवायचा की मला? तिने गोठ्याकडे धाव घेतली असेल, पोरांवर काल कोणी खेकसलं नसेल. ते चांगलं झालं आणि मला खरंच बरं वाटलं.

हे पत्र कुठे टाकायचं नाहीये, म्हणून राहिलेलं एवढं लिहून टाकते. आपल्याकडे असा फोन कोणी ठेवत नाही. कितीही परका असो, शेवटी "या एकदा घराकडं" म्हणतातच, तोंडदेखलं का होईना. मी तेवढ्यासाठी थांबले होते. फोन बंद झाल्याचं मला कळलं होतं अण्णा, तरी तो कानाला तसाच धरून मी म्हणाले, "येईन हं, नक्की येईन."