अभिनवची लाल गिटार

३ नोव्हेंबर
रायपूरच्या बूढापाऱ्यात खोली मिळाली, गंगेत घोडं न्हालं. तलावावरून वारा येतो आणि घरमालकीण विनोदिनीकाकू मराठी, त्यामुळे पहिल्याच दिवशी झुणका-भाकर पुढे आली. नवा रायपूरच्या ऑफिसात हजेरीसाठी अंगठा नोंदवला. गोंदियाला आईला फोन केला. म्हणाली, रोज सकाळी फोन करत जा, तुझा आवाज ऐकल्याशिवाय मले चहा गोड लागत नाही.

४ नोव्हेंबर
काकूंचा मुलगा अभिनव गेल्या वर्षी तापाने गेला. त्याने घरीच रंगवलेली लाल गिटार अर्धवट पडली आहे. लॅकर मारलं, घासून चकाकी आणायची राहिली. अर्धं काम वर्षश्राद्धाच्या आत पुरं झालं नाही तर गेलेल्याचा पाय घरातून निघत नाही, असं काकू म्हणतात. श्राद्ध नऊ तारखेला आहे. मला हौस दांडगी, मी पुरी करतो म्हटलं. पण ते घरच्यानेच करायचं असतं, म्हणून त्यांनी मला अभिनवच्या पाटावर बसवून टिळा लावला. घरचा झालास आता, म्हणाल्या. मला हसू आलं.

५ नोव्हेंबर
आधी आठशे नंबरचा वॉटर पेपर, म्हणजे ओला करून घासायचा कागद, मग त्याहून बारीक बाराशेचा. पाण्यात साबणाचे दोन थेंब. कडांवर जोर दिला की खालचा रंग उघडा पडतो, म्हणून हलक्या हाताने घासली. बोटं गुळगुळीत झाली.

६ नोव्हेंबर
ऑफिसात हजेरीच्या मशीनने अंगठा घेतला नाही. साहेब म्हणाले, घासकाम बंद करा. पटलं. तरी घरी येऊन दोन हजारचा कागद घेतलाच. हात थांबेना.

७ नोव्हेंबर
रबिंग कंपाउंड, चकाकी आणायचं मलम, लावलं. लख्ख चकाकी. तीत माझा चेहरा दिसतो, पण कपाळ भलतंच रुंद. काकूंनी अभिनवचा मोबाइल आणून दिला. वर्षभर कुणाला उघडता आला नव्हता. माझ्या अंगठ्याने उघडला. अभिनवच्या पहिल्याच फोटोत तेच कपाळ.

८ नोव्हेंबर
आईला फोन केला. कोन बोलून राहिले जी, म्हणाली. शिशिर, म्हटलं. माझ्या पोराचा आवाज मले समजत नाही काय, म्हणाली आणि फोन ठेवला. मी रडलो. ते रडणंही माझं वाटलं नाही.

दुपार. चकाकी उतरवायला चारशेचा खरखरीत कागद घेतला. जीव खाऊन घासलं. गिटारवर ओरखडा नाही. माझ्या तळहातावर रेषा — एकही नाही.
बॅग भरली. उंबऱ्याबाहेर पाय निघत नाही.

९ नोव्हेंबर
माझं नाव शिशिर. आई रमा, गोंदिया. विसरायच्या आत लिहितो — हे अक्षर माझं नाही —
खाली श्राद्धाचं पान वाढलंय. काकू हाक मारताहेत. त्याच्या नावाने.
आई, मी ओ देणार नाही. तोंड दाबून धरलंय. पण आतून कुणीतरी —