उजव्या बाजूचं स्टिअरिंग

प्लेनो, टेक्सस
६ मार्च २०२५

वन्सं,

वाकून नमस्कार केलाय असं समजा, गुडघे हल्ली माझं ऐकत नाहीत. पानांचे फोटो काढून तुमच्या अमेयच्या फोनवर पाठवतेय. त्याला म्हणावं, टॅबवर मोठी करून लावून दे आणि तू बाजूला हो. फोनवरच बोलले असते, पण आपला फोन लागला की तुमचे बंधुराज माझ्या खांद्याला खांदा लावून बसतात. त्यांच्यासमोर हे बोलता येणार नाही.

इकडे सगळं ठीक. थंडी सरली. उर्वी मॉरिसव्हिलहून दर रविवारी फोन करते, आईची उलटतपासणी घेते आणि उत्तर पटलं नाही की गप्प बसते. आजोबांवर गेलीय. तुमच्या मोतीबिंदूचं काय झालं? थेंब वेळेवर घालता ना, की बाटली नुसती देवापुढे ठेवलीय?

आता तुमच्या मोटारीची खबर. दिवाळीत तुम्ही फोनवर म्हणालात, "सुमंत, जगाच्या गाड्या करतोस, आबांची एक कर की माझ्यासाठी." झालं. रिटायर झाल्यापासून ह्या तुकडे जोडून करायच्या प्लास्टिकच्या छोट्या गाड्यांनी माझं जेवणाचं टेबल बळकावलंच होतं, त्यात आता तुमच्या माहेरचं काम निघालं. आबांची ॲम्बॅसेडर काही कुठल्या खोक्यात मिळेना. मग तिच्या तोंडावळ्याची कुठलीशी जुनी परदेशी गाडी मागवली. तिचं नाक कापलं, पुट्टी भरली, घासलं, परत भरलं. सगळ्या घरावर पांढरी धूळ. मी रोज पुसतेय आणि हे रोज घासतायत.

आणि त्या किटमधलं स्टिअरिंग डावीकडे, इथल्या गाड्यांसारखं. आबांचं उजवीकडे. म्हणून बोटभर लांबीचा डॅशबोर्ड मधोमध कापला, तुकडे उलटसुलट करून जोडले, पायाशी असतात ते ब्रेक-क्लचसुद्धा नवे कोरले. पंधरवडाभर घरात दुसरा विषय नाही. मी म्हटलं, "अहो, वर छप्पर बसणार. आत वाकून कोण बघतंय?" तर म्हणाले, "ताई बघेल."

रंगाचं मात्र तुम्ही दोघं ठरवा. तुम्ही म्हणता फिकट हिरवा, हे म्हणतात राखी. मी त्यात पडणार नाही, मी तेव्हा नव्हते.

इथवर लिहून उठले. चहा केला, घेतला, परत बसले. आता जे लिहायला बसले होते ते लिहिते.

जानेवारीत आम्ही भाजी आणायला निघालो. हे पुढे गेले. मी कुलूप लावून येते तर हे गाडीत उजवीकडे बसलेले, पट्टा लावून. मला वाटलं, आज माझ्यावर सोपवलंय वाटतं, चला, बरं झालं. मी डावीकडून चढायला दार उघडलं, तर म्हणाले, "कांचन, स्टिअरिंग कुणी काढलं गं?"

मी हसले, वन्सं. मला वाटलं चेष्टा करतायत. मग त्यांचा चेहरा बघितला.

डॉक्टरांनी गेल्या उन्हाळ्यातच सांगितलं होतं. विसरण्याचा आजार आहे, वाढत जाणार. तुम्हाला कळवलं नाही. उर्वीला म्हटलं, आत्याच्या जिवाला घोर नको. पण खरं सांगू? तुम्हाला ठाऊक नव्हतं तोवर एका फोनपुरते तरी हे धडधाकट होते. तुमच्याशी बोलताना काही अडत नाही त्यांचं. साठ वर्षांपूर्वीचं सगळं जसंच्या तसं निघतं. तुम्हाला संशय येणार तरी कसा. आणि मला तो अर्धा तास हवा असायचा.

मग मी गाडीची किल्ली तांदळाच्या डब्यात लपवली. हे गॅरेजच्या दाराशी खुर्ची टाकून बसले. जेवायला उठेनात. ओरडले असते तर मी पुरून उरले असते, पण नुसते बसून राहिले. दुसऱ्या दिवशी माझाच धीर सुटला आणि किल्ली दिली. परवा सकाळी ते गाडी काढून निघाले आणि आमच्या गल्लीत डाव्या बाजूने चालवू लागले. सांगलीत चालवतात तशी, अगदी सावकाश, हॉर्न वाजवत. समोरून शेजारची चारुता बाळाला ढकलगाडीत घेऊन येत होती. तिने ढकलगाडी ओढून लॉनवर घेतली म्हणून वाचली. मी दारातून बघत होते.

पोरगी गुणाची आहे. संध्याकाळी आली, म्हणाली, "काकू, मी कम्प्लेंट नाही करत आहे. पण प्लीज, काकांना ड्राइव्ह करू देऊ नका." उर्वी म्हणते, "आई, यू हॅव टू टेक द कीज. टुडे." सांगायला काय जातंय. माझ्या हाताने ती किल्ली दुसऱ्यांदा निघत नाही.

वन्सं, म्हणून तुमच्याकडे एक काम आहे. लग्नानंतर तुम्हीच मला सांगितलं होतं, आबा स्वतः कधी किल्ली मागायचे नाहीत, तुम्हाला पाठवायचे. "आबा किल्ली मागतायत" एवढं तुम्ही म्हटलंत की हे भरल्या ताटावरून उठून द्यायचे. शनिवारी मी व्हिडिओ कॉल लावते. तेवढंच म्हणा, आणि कांचनजवळ दे म्हणा. तुम्हाला या वयात खोटं बोलायला लावतेय, मला लाज वाटते. पण उद्या कुणाचं लेकरू गाडीखाली आलं तर मी कुठे तोंड लपवू?

आणखी एक. तुम्ही ती मोटार मागितलीत म्हणून हे झालं, असं रागाच्या भरात माझ्या मनात येऊन गेलं. डॉक्टरांना विचारलं, तसं काही नसतं म्हणाले. मनात आलं होतं, म्हणून सांगून टाकलं. रागवा हवं तर.

तुमची
कांचन


प्लेनो
१० मार्च

वन्सं,

तुम्ही बरोब्बर बोललात. आवाज जराही हलला नाही. नंतर तुम्ही टॅब पालथा घातलात ते कळलं मला, म्हणून पुन्हा फोन केला नाही. पण पुढचं तुम्हाला दिसलं नाही, ते सांगायला हवं.

हे लगेच उठले. खिशातून किल्ली काढली, सदऱ्याला पुसली आणि दोन्ही हातांनी माझ्या हातावर ठेवली. "आबांना म्हणावं, पेट्रोल अर्धं आहे. पुढचं डावं चाक जरा ओढतंय." मी बरं म्हटलं. मग माझ्याकडे बघून, घरी आलेल्या माणसाकडे बघावं तसं, छान हसून म्हणाले, "तुम्ही ताईच्या मैत्रीण का? बसा ना. आई चहा करेल."

मी बसले. काय करणार?

मग चहा मीच केला. छान झालाय म्हणाले. एवढ्या वर्षांत माझ्या चहाला कधी छान म्हटलं नव्हतं.

वाटलं, संध्याकाळपर्यंत येतील परत. याआधीही तास-दोन तास असे कुठे कुठे जाऊन आलेत. पण रात्री जेवताना "अहो, तुम्हीही घ्या ना" म्हणाले. काल दिवसभर तेच, आजही तेच. इतकी वर्षं भांडलो, अबोला धरला, पण ह्यांनी मला कधी "तुम्ही" म्हटलं नव्हतं.

किल्लीचं काम मात्र झालं. उर्वीने फोनाफोनी करून गाडी न्यायला माणूसही ठरवला. "आई, यू डिड द राइट थिंग," म्हणाली आणि रडली. चारुता बाळाला फिरवून आणते, खिडकीतून हात करते. मला पश्चात्ताप नाही, हे नीट ऐका. पुन्हा वेळ आली तर पुन्हा तुम्हालाच फोन लावीन. पण वाईट वाटतं, वन्सं. फार वाईट वाटतं. किल्लीसाठी आपण दोघींनी त्यांना सांगलीच्या घरी नेऊन बसवलं आणि त्या घरात मी अजून लग्न होऊन आलेलीच नाही.

मोटारीचं काम चालू आहे. काल दुपारी मला म्हणाले, "जरा धरता का? गोंद वाळेपर्यंत." छप्पर बसवत होते. त्या गोंदाच्या वासावरून मी कायम कटकट केली, काल गुपचूप धरून बसले. "इतकं घट्ट नका धरू, वाकेल," म्हणाले. फार मायेने सांगितलं. माझं लक्ष मोटारीकडे नव्हतंच, मी त्यांच्याकडे बघत होते. ते गाडीकडे बघत होते.

रंग हिरवाच ठरला. तुम्ही जिंकलात.

येत्या शनिवारी पुन्हा फोन लावते. तुमचं ऐकतात ते, अजून फक्त तुमचंच ऐकतात. आता आबांचं नाव घेऊ नका. एवढंच सांगा की, सुमंत, तुझ्या शेजारी बसलीय ना, ती बाई आपल्या घरची आहे. नाव नाही लक्षात राहिलं तरी चालेल. घरची आहे, एवढं राहू दे.

सांगाल ना?

तुमची भावजय
कांचन